लोकेच्छेची वही

(बहादरपुर येथे नागरिकांच्या सभेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्या गावच्या वेशीवर आलो तेव्हा पाटीवर ‘बहादरपुर’ असे अक्षर दिसले. आणि सभेचे जे पत्रक आमच्या हाती होते त्यावर ‘बहादरपूर’ असे छापलेले होते. पाटी हिंदीच्या वळणाने ऱ्हस्व लिहिते, आपण मराठीच्या वळणाने दीर्घ लिहितो. गाव तेच, तापीचे पाणी तेच. तेव्हा एका उकारासाठी कोणी डोके फोडून घेऊ नये, आणि आम्हीही त्यासाठी आलेलो नाही. परंतु पाटीवरचा उकार बदलला म्हणून गाव कोठे जात नाही. मतदार यादीत मात्र अक्षर बदलले की कधी कधी माणूसच जातो. आज बोलावयाचे ते त्याविषयी.

सीमालढ्याचा माणूस आला म्हणजे तो नकाशा उलगडणार, अशी आपली समजूत असणार. ती चुकीचीही नाही. गेली कित्येक वर्षे आम्ही चार तत्त्वे घोकीत आलो आहोत: खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. यांतील पहिल्या तीन तत्त्वांना ज्यांच्या निवाड्याने प्रतिष्ठा आली ते हरि विनायक पाटसकर आपल्या खानदेशचे. १९५२ साली ते जळगावातून लोकसभेवर निवडून गेले, आंध्र-मद्रास सीमेचा तंटा त्यांनी सोडविला, आणि १९५७ पासून १९६५ पर्यंत ते याच मध्यप्रदेशचे राज्यपाल होते. खेड्याची हद्द मोजणीदाराच्या साखळीने मोजता येते. सलगता नकाशावर दिसते. बहुसंख्या शिरगणतीत सापडते. लोकेच्छा कोठे नोंदलेली असते? ती एकाच वहीत असते, आणि त्या वहीचे नाव मतदार यादी. आम्ही तीन तत्त्वांसाठी घसे कोरडे केले आणि चौथ्याची वही कधी उघडून पाहिली नाही. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमचा आहे.

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवा. तेव्हा बुरहानपूर जुन्या मध्यप्रदेशात होते आणि आपली राजधानी नागपूर होती. येथील मतपेटीतून निवडलेला माणूस नागपूरच्या विधानसभेत जाऊन बसत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि निमाड येथेच राहिला. त्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या होत असताना एक विलक्षण अडचण उभी राहिली. घरोघर गेलेल्या गणकाला बायका आपले नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगावयाचे! सुकुमार सेन हे तेव्हा मुख्य निर्वाचन आयुक्त होते. अशा नोंदी यादीत ठेवता येणार नाहीत असे त्यांनी ठरविले आणि देशभरातून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्यभारत, विंध्यप्रदेश या भागांत हा प्रकार फार झाला. त्यांतील शेवटचे दोन प्रांत आज याच राज्याचे भाग आहेत. सेनांवर तेव्हा पुष्कळ टीका झाली. आम्हास विचाराल तर सेन बरोबर होते. त्या नकारानंतर खटपट झाली आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत पुष्कळ बायकांची स्वतःची नावे कागदावर आली.

सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी बायकांची नावे यादीत आहेत, परंतु ती कोणत्या रूपात आहेत ते पाहा. येथील सरकारी यादी हिंदीत होते आणि हिंदी लिहिणाऱ्याच्या लेखणीत ‘ळ’ नाही. त्यामुळे काळे यांचे ‘काले’ होतात, गोकुळचा ‘गोकुल’ होतो, कमळाबाईची ‘कमला बाई’ होते. आपल्याकडे स्वतःचे नाव, मग बापाचे अथवा नवऱ्याचे, मग आडनाव अशी तीन पदरी रीत. तेथे नवऱ्याच्या नावाचा रकाना वेगळा. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे, यादीत तिसरे. संगणक माणसासारखा ‘अहो, हीच ती कमळाबाई’ असे म्हणत नाही. त्याच्या लेखी त्या दोघी आहेत आणि दोघींतील एक खोटी आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरात निर्वाचन आयोगाने मध्यप्रदेशासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी पुकारली आणि ४ नोव्हेंबरपासून केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांस आपण सारे बी.एल.ओ. म्हणतो, ते घरोघर कागद घेऊन फिरू लागले. प्रत्येकाने आपले अथवा आपल्या आईबापांचे नाव वीसएक वर्षांपूर्वीच्या, म्हणजे २००२ ते २००४ या काळात झालेल्या जुन्या फेरतपासणीच्या यादीत दाखवावयाचे होते. ज्याचा जन्म येथला, लग्न येथले, मरणही येथेच व्हावयाचे, त्याला हे सोपे गेले. अवघड गेले ते सुनांना. बुरहानपूरकडची कितीतरी घरे रावेर, मुक्ताईनगर, यावल, जळगाव जामोद इकडच्या मुली करतात. सीमा १९५६ ची आहे, सोयरीक त्याहून फार जुनी आहे. त्या सुनेच्या बापाचे नाव महाराष्ट्राच्या यादीत, मराठी अक्षरांत, तिच्या माहेरच्या गावात. आणि ती उभी हिंदी कागदासमोर. तिच्या सासऱ्याला विचारावे तर व्याह्याचे पूर्ण नाव त्यास आठवत नाही. नवरा केळीच्या मालाबरोबर दिल्लीच्या वाटेवर. अशा वेळी माहेरी दूरध्वनी करून, भावाला जुनी यादी शोधावयास लावून, यादी भाग व अनुक्रमांक टिपून घेण्यासाठी कोणी चार अक्षरे शिकलेला शेजारी बसला तर त्या बाईचे मत वाचते. तो बसला नाही तर वाचत नाही. यात कोणाचे कारस्थान नसते, आणि म्हणूनच यावर मोर्चाही काढता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की बी.एल.ओ. कशासाठी आहे? बी.एल.ओ. म्हणजे बहुधा शाळेतील गुरुजी अथवा अंगणवाडीची ताई. तिने दिवसा मुलांना शिकवावे, सायंकाळी कागद भरावे आणि रात्री ते संगणकावर चढवावे. तिच्यावर ओरडणे सोपे आहे. तिच्यासोबत दोन तास गल्लीतून हिंडणे अधिक उपयोगाचे आहे. कोण मेले, कोण सासरी गेले, कोण पोटासाठी सुरतेस गेले आणि कोण नुसतेच दार उघडीत नाही, हे तिला आपणच सांगू शकतो.

आता एक अप्रिय गोष्ट. सीमेवर अशी घरे आहेत की ज्यांचे नाव इकडेही आहे आणि तिकडेही आहे. शेत तिकडे, घर इकडे. शिधापत्रिका एकीकडे, सातबारा दुसरीकडे. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात तेलंगणाच्या सीमेवरील चौदा गावांत तर ही स्थिती जगजाहीर आहे: दोन राज्यांच्या ओळखपत्रांनी तेथील लोकांनी दोन्हीकडे मते दिली आहेत. त्या गावांचा प्रश्न वेगळा आहे. दोन सरकारे त्यांस आपली म्हणतात, त्याला ते बिचारे काय करणार? आपल्याकडे तसा वाद नाही, आणि तरीही दुहेरी नावे आहेत. १३ मे २०२४ रोजी लोकसभेसाठी खंडवा आणि रावेर या दोन्ही मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झाले, त्यामुळे दोनदा शाई लावून घेण्याचा मोह पुष्कळांस आवरावा लागला असेल. विधानसभेच्या वेळी मात्र मध्यप्रदेशात नोव्हेंबर २०२३ आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४, असे वर्षाचे अंतर होते. वर्षभरात बोटावरची शाई राहत नाही.

आम्ही हे कोणाकडे बोट दाखवून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी एका सीमावर्ती गावी, गावाचे नाव सांगत नाही, आमच्याच कार्यकर्त्यांच्या बैठकीत असा हिशेब मांडला गेला की आपल्या बाजूची दुहेरी नावे आहेत ती राहू द्यावीत. वेळप्रसंगी उपयोगी पडतील. आम्ही त्या बैठकीत होतो. आम्ही तेव्हा बोललो नाही. अग्रलेखात ज्याच्यावर आम्ही आसूड ओढला असता तेच आमच्या समोर चालले होते आणि आम्ही चहा पीत होतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १७ व १८ या कलमांनी एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत, अथवा एकाच मतदारसंघात दोनदा असण्यास बंदी आहे; आणि खोटे निवेदन केल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. कायदा राहू द्या बाजूला. उद्या जर खरोखरीच कोणी लोकेच्छा विचारावयास आला आणि आमच्या वहीत खोटी पाने निघाली, तर आमच्या खऱ्या पानांवर तो विश्वास का ठेवील? म्हणून आमचे पहिले मागणे आमच्याच माणसांकडे आहे. ज्याचे नाव दोन ठिकाणी असेल त्याने राहत्या घरची नोंद ठेवावी आणि दुसरीकडची स्वतः अर्ज देऊन काढून टाकावी.

याच अर्जाची दुसरी बाजू आहे. नमुना ७ हा आक्षेपाचा. मतदारसंघातील कोणीही मतदार दुसऱ्याच्या नावावर त्या नमुन्याने आक्षेप घेऊ शकतो. मेलेल्याचे नाव काढण्यासाठी तो अवश्य वापरावा. परंतु या सभेपूर्वी एक तरुण आम्हास भेटला. बुरहानपूरच्या अमुक मोहल्ल्यात ‘आपल्या विरुद्धची’ नावे फार आहेत, त्यांवर ढिगाने आक्षेप टाकले तर कसे, असे तो विचारीत होता. पोरगा भला होता, डोळ्यांत तेज होते. आम्ही त्यास विचारले, त्या मोहल्ल्यातील किती माणसे तू ओळखतोस? तो म्हणाला, एकही नाही. मग ती तेथे राहत नाहीत हे तुला कोणी सांगितले? तो गप्प बसला. या जिल्ह्यात मराठी आहे तशी हिंदी आहे, विणकरांच्या वस्तीत उर्दू आहे, सातपुड्याच्या उतारावर कोरकू आणि बारेली आहे. यांतील प्रत्येकाचे एक मत आहे आणि ते आमच्या मताइतकेच जड आहे. ज्याने आक्षेप घेतला त्यास पुढे सुनावणीस उभे राहावे लागते; परंतु तिकडे मागावरचा मजूर दिवसाची मजुरी बुडवून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावयास कचेरीत जातो, त्याची भरपाई कोण करणार? विलीनीकरणाची मागणी करणाऱ्या माणसाने हे काम केले तर त्याने आपल्या मागणीचा पायाच उखडला असे आम्ही समजू.

आपणास हे कदाचित फार सोवळे वाटेल. म्हणून गोव्याची कथा सांगतो, कारण ती आमच्या चळवळीला सोयीची नाही आणि आमचे वक्ते ती सहसा सांगत नाहीत. स्वतंत्र भारतात ‘महाराष्ट्रात जावयाचे की नाही’ हा सरळ प्रश्न मतपेटीतून जनतेला एकदाच विचारला गेला, तो गोव्यात, १६ जानेवारी १९६७ रोजी. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, स्वतंत्र केंद्रशासित प्रदेशाचे चिन्ह दोन पाने. त्या वेळी गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, म्हणजे विलीनीकरणवाद्यांचेच राज्य होते आणि दयानंद बांदोडकर हे मुख्यमंत्री होते. विरुद्ध पक्ष म्हणाला की मुख्यमंत्री खुर्चीवर असताना कौल निर्भेळ कसा होईल? डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि सत्तेविना ते लोकांपुढे गेले. निकाल काय लागला? दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले.

आमच्या बाजूचा हा मोठा पराभव. त्याचे दुःख आम्ही लपवीत नाही; आणि गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांना त्या कौलात मत नव्हते, अशी कुरकुर दुसऱ्या बाजूलाही होती, हेही येथे सांगून ठेवतो. परंतु पुढे काय झाले ते पाहा. त्याच १९६७ साली निवडणुका झाल्या आणि ज्या लोकांनी विलीनीकरण नाकारले होते त्यांनीच बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले. माणूस त्यांस हवा होता, मागणी नको होती. दोन्ही गोष्टी त्यांनी दोन निरनिराळ्या मतपत्रिकांवर सांगितल्या. गोव्याच्या विलीनीकरणाचा तंटा त्या कौलाने मिटला. बेळगावकडे बघा. तेथे १९५७ पासून एकीकरणवाद्यांनी प्रत्येक निवडणूक हाच लोकेच्छेचा कौल मानून लढविली, पण थेट प्रश्न कोणी विचारलाच नाही. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला तेव्हा कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. त्याआधी २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला होता. गोव्याचा प्रश्न एका दिवसात सुटला. बेळगावचा प्रश्न नातवंडांच्या हाती आला. आम्हास हरण्याची भीती वाटत नाही असे नव्हे. न विचारले जाण्याची अधिक वाटते.

आणि लोकेच्छा दोन्ही दिशांनी वाहते, हेही ऐकून घ्या. २०२२ च्या डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातील चार आदिवासी गावांनी आम्हास मध्यप्रदेशात जाऊ द्या अशी मागणी केली. रस्ता नाही, वीज नाही, पाणी नाही. मग महाराष्ट्रात राहून काय करावयाचे, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या मागणीला हसण्याचा अधिकार ज्या क्षणी आम्ही घेऊ त्याच क्षणी आमच्या मागणीला हसण्याचा अधिकार भोपाळला मिळेल.

मतदानाच्या दिवसाविषयी थोडके बोलतो, कारण खरे काम त्याआधीचे आहे. येथे मागावर काम करणाऱ्यांची रोजी कापडाच्या मापावर. माग थांबला की पैसा थांबला. १९५१ च्या कायद्याच्या १३५ ब या कलमाने मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा प्रत्येक कामगाराचा हक्क आहे, रोजंदारीवरचाही त्यातून सुटलेला नाही. न देणाऱ्या मालकाला दंड पाचशे रुपयांपर्यंत! एवढ्या दंडाला कोणता मालक भितो? म्हणून कारखानदारांकडे आपण आठ दिवस आधी जावे, चार प्रतिष्ठितांनी जावे, आणि सुट्टीची पाटी दारावर लावून घ्यावी. कायद्याने जे होत नाही ते गावच्या भिडेने होते.

८५ वर्षांवरील वृद्धांस आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांस घरून मत देता येते. परंतु त्यासाठी १२ घ हा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. पाच दिवस म्हणजे काय? बातमी पारावर पोचेपर्यंत ते संपतात. प्रत्येक गल्लीत असे किती म्हातारे आहेत त्याची टिपणी आजच करून ठेवली पाहिजे. केंद्र दोन किलोमीटरच्या आत असावे आणि २०२५ पासून एका केंद्रावर १२०० हून अधिक मतदार नसावेत, असे आयोगाचे धोरण आहे. कोठे तसे नसेल तर निवडणूक तोंडावर येण्याआधी लेखी कळवावे. मेच्या उन्हात रांगेला सावली आणि पिण्याचे पाणी हवे, यावर भाषणाची गरज नाही. उमेदवाराच्या भाड्याच्या गाडीत मात्र बसू नका, तो कायद्याने भ्रष्टाचार आहे. शेजारणीला हात धरून नेणे हा नाही.

एक गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. आपण केंद्रावर गेलो आणि अधिकारी म्हणाला की तुमचे मत तर पडून गेले, तर कपाळाला हात लावून घरी येऊ नये. ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ मागावे. तेथे यंत्र नसते, कागदाची मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या पाकिटात जाते. मोजणीत ती धरीत नाहीत, पण तंटा न्यायालयात गेला तर ती बोलते. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने पडले, एका मताने! तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे अशाच मतांवर वाद झाला. त्याचप्रमाणे मतदान संपल्यावर यंत्रात किती मते पडली त्याचा १७ ग हा कागद केंद्राध्यक्षाने प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला द्यावयाचा असतो. आपले तरुण प्रतिनिधी म्हणून बसतात, दुपारी जेवावयास जातात आणि तो कागद न घेताच घरी परततात. तो घेतल्यावाचून उठू नये.

पंचायतीची यादी आणि विधानसभेची यादी या दोन स्वतंत्र याद्या आहेत, हेही ध्यानात असू द्या. एकीत नाव आहे म्हणून दुसरीत असेलच असे नाही. १८ वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलामुलींना आता जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा वर्षातून चार तारखा आहेत आणि सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज देता येतो. नवे नाव नमुना ६ ने, दुरुस्ती अथवा पत्ताबदल नमुना ८ ने. काही अडले तर १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ज्या साली मतदार यादीचा कायदा झाला तेच साल कोणी तरी रसिकाने क्रमांकासाठी निवडलेले दिसते.

आता आभार आणि हार यांत वेळ घालवू नये. बहादरपुरच्या यादीची छापील प्रत आम्ही बरोबर आणली आहे. उद्या सकाळी आठ वाजता पारावर बसून ती पहिल्या नावापासून मोठ्याने वाचावयाची आहे. एकाने वाचावे, दोघांनी खुणा कराव्यात; मेलेले, गेलेले, दुहेरी आणि ‘ळ’ हरवलेले अशा चार खुणा पुरेत. येताना चष्मा आणि पेन्सिल आणावी, आणि घरातील सुनांना अवश्य बरोबर आणावे. त्यांच्या माहेरच्या गावांची व वडिलांची नावे पुरुषांस सांगता येत नाहीत, हे आज सभेपूर्वी आम्ही पाचजणांना विचारून पाहिले आहे.